खुंटावरची खूण

ओहोटी पुरती लागली तशी ती दोरीचं भेंडोळं खांद्यावर टाकून चिखलात उतरली. पहाटेच्या भरतीने कुंपणाची एक मोळी सैल केली होती. मोळी बांधायचं काम तसं दोघांचं. एकाने अंगाचा भार टाकून फांद्या दाबायच्या, दुसऱ्याने दोन खुंटांमध्ये दोरी आवळायची. ती मात्र मोळीवर घोड्यावर बसावं तशी बसायची आणि वाकून स्वतःच्याच बुडाखाली गाठ मारायची. बघायला कुणी नव्हतं, तेच बरं. बाकीची घरं कधीच उठून चढावर गेली होती.

"आई."

गाठ अर्धीच राहिली. काठावर लेक उभी होती, चपला हातात, साडी पोटऱ्यांपर्यंत खोचलेली. न कळवता आली होती, म्हणजे लक्षण ठीक नव्हतं.

"अगं, फोन तरी करायचास."

"फोनवर तू एकच सांगतेस. अजून चार बोटं राहिलीत. मागच्या वर्षीही चारच होती." लेक चिखलात उतरली. "म्हटलं, ही चार बोटं एकदा डोळ्यांनी बघून यावं."

ही चार बोटं गाळाची, कुंपणाआतल्या खुंटावरच्या खुणेला लागायला उरलेली. ती खूण लेकीच्या बापाची. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. इथली सिमेंटची भिंत त्यानेच बांधली होती. भिंतीने समुद्राशी छाती काढून भांडण केलं आणि तिसऱ्या वर्षी ती आडवी झाली. मग त्याने फांद्यांचं हे कुंपण घातलं. लोक हसले. तो म्हणायचा, पाण्याला अडवायचं नाही, दमवायचं. दमलं की ते हातातलं गाळाचं ओझं आपोआप खाली टाकतं. कुंपणाच्या आत त्याने एक खुंट ठोकला आणि त्यावर गुडघ्याएवढ्या उंचीवर कोयत्याने खूण केली. गाळ इथवर चढला की खारफुटी आपली आपण मूळ धरेल, मग आपण दोघं मोकळे, लेकीकडे जाऊन राहू, असं त्याचं म्हणणं. पण गाळ खुणेला लागायच्या आत तोच मोकळा झाला.

गुडघाभर रुतेल म्हणून लेक जपून पाय टाकत होती, पण चिखल घोट्याच्या वर आलाच नाही. खारफुटीची रोपं तिच्या छातीला लागत होती. खुंटापाशी पोचून ती त्याच्याभोवती एकदा फिरली, मग उलटी फिरली.

"खूण कुठाय?"

"आहे की."

"कुठे?"

आईने हनुवटीने खाली दाखवलं.

"कधी बुजली?"

"झाली असतील दोन वर्षं."

लेकीच्या तोंडाचा पट्टा सुटला असता तर आईला सोसवलं असतं. पण तसं झालं नाही. ती हळूच म्हणाली, "काम झालंय, आई. मागच्या वादळात चढावरच्या एका पायरीलाही पाणी लागलं नाही. पाहणीवाले साहेब म्हणाले, आता कुंपण कुजलं तरी बिघडत नाही. मग तू कुणासाठी राहतेस इथे?"

आईने पदराला हात पुसले. चिखल काही निघाला नाही.

"हात पोचतो अजून," ती म्हणाली.

"कुठे?"

"खुणेला. ह्यांनी दोन घाव घातले होते. पहिला नीट बसला नाही, म्हणून त्याच्याखाली दुसरा. दोन्ही लागतात बोटांना. रोज एकदा बघते. पोचेनासा झाला की येते तुझ्याकडे. खरंच येते."

लेकीने खुंटाकडे पाहिलं. बुडाशी ताटलीएवढी जागा मऊ, घोटीव झाली होती.

"मग मोळ्या कशाला बांधतेस?" तिने विचारलं. "दे सोडून. गाळ तरी इतका चढायचा नाही."

"बांधायला नको? हे काय म्हणतील?"

परतीची गाडी एकच होती. पुढच्या महिन्यात येते, असं तिने सांगितलं, आईचा चिखलाचा हात हातात घेतला आणि तसाच थोडा वेळ धरून ठेवला. मग ती निघाली. काठावर पाय धुताना तिने एकदा मागे वळून पाहिलं. आईने हात हलवला. नंतर लेक चढावर दिसेनाशी झाली आणि पुन्हा सगळं सामसूम झालं. असं कुणी येऊन गेलं की एकटेपण जास्तच खायला उठतं, म्हणून कुणी न आलेलंच बरं, असं आईला वाटायचं आणि मग त्याचीच लाज वाटायची.

पाणी परत फिरायला अजून थोडा वेळ होता. ती खुंटापाशी गुडघ्यांवर बसली. बाही वर सारली आणि त्या मऊ जागेतून हात आत घातला. मनगट गेलं, कोपर गेलं. पूर्वी एवढ्यावरच बोटांना दोन्ही घाव लागायचे. तिने खांदा खाली दाबला. अजून थोडं. मग तिने मान कलती केली आणि गाल चिखलाला टेकवला. चिखल गार होता.

वरचा घाव लागला, मधल्या बोटाच्या नखाला.

खालचा लागला नाही.

ती तशीच पडून राहिली, पाण्याचा आवाज जवळ येईपर्यंत. मग उठली, गालाचा चिखल न पुसताच मोळीवर जाऊन बसली आणि अर्धी राहिलेली गाठ तिने घट्ट आवळली.