पुन्हा रुजू

गावंडेबाईंनी भाचीच्या मुलाच्या बारशासाठी तीन दिवसांची रजा टाकली आणि ती चुटकीसरशी मंजूर झाली. फक्त अर्जाच्या तळाशी नेहमी असणारा 'पुन्हा रुजू' हा रकाना दिसेना.

"बोंद्रेसाहेब, हे काय हो?"

शेजारच्या टेबलावरचे बोंद्रे पडद्यावर वाकले. कचेरीच्या संगणकातला पडताळक प्रत्येक अर्जाच्या पुढच्या सगळ्या वाटा आधीच चालून बघायचा आणि जिथे एकाही वाटेने पोचता येत नाही, ती पायरी खोडून टाकायचा. सहा वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता.

"बाई, प्रवासच नको. रजा रद्द करा."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी रजा रद्द केली. पडताळक जरासा घुटमळला, मग आजच्या दिवसाचा तक्ता नव्याने समोर आला. त्यात सकाळची हजेरी होती, नुकताच संपवलेला दुपारचा डबा होता. अंगठा लावून घरी जायची ओळ मात्र नव्हती.

"मग आत्ताच लावते अंगठा!" बाई ताडकन उठल्या. यंत्र दाराशीच होतं, जेमतेम दहा पावलांवर.

तिसऱ्या पावलाला त्यांनी वळून पडद्याकडे पाहिलं. ती ओळ काही परत उमटली नव्हती.