दोघींचा एक गणवेश

हजेरीला एकाच गणवेशातून दोन आवाजांत "हजर बाई!" आलं आणि थिएटर पहिल्यांदा खळखळून हसलं. प्रदर्शनाआधीचा चाचणी खेळ होता, आणि शेवटच्या रांगेत सिनेमाची एडिटर बसली होती. तिने मांडीवरच्या कागदावर एक रेघ ओढली.

तिची नजर पडद्यावर नव्हतीच. सिनेमा तिला तोंडपाठ होता. ती बघत होती लोकांची डोकी. डोकं मागे गेलं की हसू खरं, नुसतं हललं तर शेजाऱ्याला बघून आलेलं. आज डोकी मागे जात होती, पुढे येत होती, एक तर समोरच्या खुर्चीवर आपटलंसुद्धा.

सिनेमात दोन मुलींना एका बाकावर बसायला शाळा बंदी करते. म्हणून दोघी एका ढगळ गणवेशात शिरतात आणि एकच विद्यार्थिनी होऊन वर्गात येतात. वर्षभर कुणाला पत्ता लागत नाही. खेळाच्या सरांनी खाली चार पाय पाहिले आणि "ढांग चांगली आहे" म्हणून शर्यतीत नाव घातलं, तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या एका टकल्या गृहस्थाने शिट्टी मारली. बायकोने त्याला कोपराने ढोसलं आणि दुसरी शिट्टी स्वतःच मारली.

"चाललंय गं, चाललंय!" शेजारून दिग्दर्शिकेने एडिटरचा हात गच्च धरला. सिनेमा दोघींनी मिळून लिहिला होता. सहा वर्षं घरही एकच होतं. एकटीला भाडं परवडत नाही म्हणून, असं एडिटरच्या आईला सांगितलेलं होतं.

आई पाचव्या रांगेत बसली होती. उभा जन्म शाळांचे गणवेश शिवण्यात गेलेली बाई. सिनेमातला गणवेशही तिनेच शिवला होता. नट्या तेव्हा ठरायच्या होत्या, म्हणून माप एडिटर आणि दिग्दर्शिकेलाच एकत्र उभं करून घेतलं होतं. गोष्ट मात्र तिला कुणी सांगितली नव्हती. विनोदी आहे, एवढंच.

दिग्दर्शिकेच्या पलीकडे निर्माता होता, आणि खरी धाकधूक त्याचीच होती. शेवटी बक्षीस समारंभात गणवेशाचं बटण तुटतं आणि मुली हेडमास्तरांना सांगतात की आमचं एकमेकींवर प्रेम आहे. त्यानंतर एडिटरने चार सेकंद काहीच ठेवलं नव्हतं. संगीत नाही, हालचाल नाही.

"चार सेकंदांत माणूस विचार करतो," निर्मात्याने सकाळीच बजावलं होतं, "आणि विचार केला की उठून जातो. एक जरी उठला ना, ते प्रेमाचं वाक्य बाहेर. मुली नुसत्या मैत्रिणी राहतील."

तो प्रसंग आला. आदर्श विद्यार्थिनीचं बक्षीस घ्यायला चार पाय स्टेजवर चढले. हेडमास्तरांनी हात पुढे केला, टप् करून बटण उडालं आणि त्यांच्याच पाण्याच्या ग्लासात पडलं. लोक अक्षरशः लोळले. उघड्या गणवेशातून दोन डोकी बाहेर आली.

"सर, आमचं एकमेकींवर प्रेम आहे."

एक. थिएटर चिडीचूप झालं. दोन. एडिटरने श्वास रोखला. तीन. पाचव्या रांगेत आई उठून उभी राहिली.

चार.

हेडमास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि दोघींकडे निरखून पाहिलं. "ते ठीक आहे. पण दोघींत टाय एकच?"

छप्पर उडायचंच बाकी राहिलं. लोक पाय आपटत होते, टाळ्या देत होते. त्या गदारोळात निर्मात्याने एक बोट वर केलं. "एक उठली."

"माझी आई आहे ती," एडिटर कशीबशी म्हणाली.

"मग दोन धरतो."

पण आई दाराकडे गेली नाही. अंधारात पायऱ्या चाचपडत ती थेट शेवटच्या रांगेशी येऊन थडकली.

"बटण कुणी बदललं?"

"आई, नंतर बोलू."

"नंतर नाही. माझं बटण असं उडत नाही. एवढी वर्षं पोरांनी ओढाताण केली, एक उडालं नाही. आणि इथे चारचौघांत?"

"काकू, तुमचं तुटेचना," दिग्दर्शिका पुटपुटली. "पाच वेळा ओढलं. कापड फाटलं, बटण हललं नाही. शेवटी कापून दुसरं लावलं, कच्च्या दोऱ्याने."

"अस्सं!" आईचा चेहरा खुलला.

"म्हणजे तुम्ही बटणासाठी उठलात?" निर्मात्याने वाकून विचारलं.

"मग आणखी कशासाठी उठायचं?"

निर्मात्याचं बोट हळूच खाली आलं. त्याच बोटाने तो चष्म्याखालून डोळे पुसू लागला. हसून हसून त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. "राहू दे ते वाक्य," तो म्हणाला. "चार सेकंदही राहू देत."

दिग्दर्शिका जागा द्यायला उठू लागली. आपले हात अजून एकमेकींच्या हातात आहेत, हे दोघींच्या तेव्हा लक्षात आलं.

"तू उठू नकोस. तिथेच बस," असं म्हणून आई पायरीवर टेकली. पडद्यावर हेडमास्तर आपल्या गळ्यातला टाय सोडून दुसऱ्या मुलीला बांधत होते. लोक पुन्हा खिदळले, आईही खिदळली.

"आई, तुला कळली का गोष्ट?" एडिटरने घाबरत विचारलं.

"मापं घेतली तेव्हाच कळली. टेप पुरेना, म्हणून म्हटलं अजून जवळ या. टेप गुंडाळून पिशवीत टाकली तरी दोघी तशाच उभ्या!"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलायचं काय त्यात?" आईने पडद्यावरून नजर हटवली नाही. "घरी गेले आणि त्या बटणाला दुहेरी दोरा घातला."