शाळेच्या फाटकापाशी

"बाजूला व्हा, सर!" गर्दीतून पुन्हा आवाज आला.

मास्तर हलले नाहीत. सत्तरी ओलांडलेला तो माणूस फाटकाला पाठ लावून उभा होता. आत शाळेच्या सभागृहात नऊ कुटुंबं होती, सीमेपलीकडची. तिकडे युद्ध पेटलं तशी अंगावरच्या कपड्यांनिशी पळून आलेली. मास्तरांनीच मुख्याध्यापकांच्या हातापाया पडून त्यांना आसरा मिळवून दिला होता. आठवडाभर गावाने काणाडोळा केला. मग नळाचं पाणी कमी पडलं, एक दुकान फुटलं, आणि सगळं खापर त्या नऊ कुटुंबांवर फुटलं.

'जगाचे नागरिक' हा विषय शाळेत शिकवला जावा म्हणून मास्तरांनी उभा जन्म घातला होता. कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर चपला झिजवल्या. बायको म्हणायची, "घरचं झालं थोडं, जगानं धाडलं घोडं." शेवटी विषय लागला. समोरच्या गर्दीतली निम्मी तोंडं त्यांच्याच वर्गातून गेलेली.

गर्दी दुभंगली आणि वकील पुढे आला. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. हा त्यांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी.

"बरं झालं बाबा, आलास. तूच सांग यांना."

वकिलाने खिशातून कागद काढला. "जागा रिकामी करायचा हुकूम आहे, सर. अर्ज मीच केला होता."

गर्दीतल्या दोघांनी मास्तरांना दंडाला धरून अलगद बाजूला नेलं. वकिलाने खुर्ची मागवली, स्वतःच्या रुमालाने पुसली, सावलीत ठेवली आणि त्यांना बसवलं. फाटक करकरलं. सभागृहातून गाद्या बाहेर फेकल्या जाऊ लागल्या. मागून बायका आल्या, कडेवर पोरं, हातात गाठोडी. कुणी रडत नव्हतं. त्यांना आता सवय झाली होती.

मास्तरांनी वकिलाचं मनगट घट्ट धरलं.

"तूच लिहिलं होतंस ना रे? माणूस माणसाला परका नसतो म्हणून? सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं होतं मी. आठवतंय?"

"न आठवायला काय झालं, सर!" वकील अदबीने खाली वाकला. "पंधरा मार्कांचा प्रश्न होता तो."