राक्षसाचा हुकलेला नेम

वीस बाजूंचा फासा वीसवर थांबला. वीस म्हणजे सगळ्यांत मोठं दान. खेळातल्या राक्षसाचा सोटा थेट सासूबाईंच्या योद्ध्याच्या मस्तकावर बसणार. पुठ्ठ्याच्या आडोशामागे सुनेने तो आकडा पाहिला, पलीकडे बसलेल्या सासूबाईंकडे पाहिलं आणि फासा अलगद मुठीत घेतला.

"हुकला," ती म्हणाली. "सोटा तुमच्या ढालीला नुसता घासून गेला, आई."

"आईसमोर राक्षससुद्धा कसा संस्कारी होतो बघ!" नणंद म्हणाली. तिच्या तिरंदाजाचा एक हात याच राक्षसाने मघाशी निकामी केला होता. "माझ्यावर मात्र दातओठ खाऊन धावतो."

"वडीलधाऱ्यांचा मान ठेवतो तो," नवरा हसला. त्याचा जादूगार केव्हाच खांबाआड विव्हळत पडला होता.

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी आपला लाकडी योद्धा नकाशावर एक घर पुढे सरकवला आणि जांभई दिली. "एवढा डाव पुरा करू. पुढच्या रविवारपासून मला धरू नका. तुमचं तुम्ही खेळा."

सुनेने मुठीतला फासा खाली ठेवला. लग्नाला वर्ष होत आलं होतं, आणि त्या दोघींमध्ये अजून गोड बोलण्याचं एक स्वच्छ, रिकामं अंगण पसरलेलं होतं. त्यावर पाऊल उमटेल या भीतीने दोघीही कडेकडेने चालत. रविवारचा हा खेळ तेवढा मधोमध होता. गोष्ट सुनेने रचायची, राक्षस तिने चालवायचे आणि बाकी तिघांनी त्यांच्याशी झुंजायचं. एरवी ती औषधांच्या दुकानात काम करायची. वय आणि वजन पाहून मात्रा ठरवणं तिच्या हाडीमाशी खिळलं होतं. सासूबाईंनी पहिली जांभई दिली, तेव्हा तिला वाटलं, त्यांना लढाई झेपत नाही. पुढच्या खेपेला तिने त्यांच्यावरचे घाव निम्मे केले. जांभया वाढल्या. तिने घाव पाव केले. आज तर एकही लागू दिला नव्हता.

"फार दमवणारं होतंय का, आई? मी आणखी सोपं करते."

"आणखी?" सासूबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अगं, ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकाऊ माणसांशेजारी बसण्यात माझा उभा जन्म गेला. माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असायचा. तो मी हळूच जरी दाबला, तरी शिकणाऱ्याला कळायचं, की गाडी आपण चालवत नाही आहोत. चेहरा पडायचा बिचाऱ्याचा." त्यांनी आडोशाकडे बोट दाखवलं. "तुझा पाय काढ तिथून. या दोघांना बडवतेस तसं मला बडव. की मी या घरात पाहुणी आहे?"

नणंदेने ओठ चावला. नवरा एकाएकी नकाशा फार बारकाईने पाहू लागला.

सुनेने आडोसा उचलला, मिटला आणि खुर्चीखाली ठेवला. खिडकीतलं ऊन आता थेट नकाशावरच्या राक्षसाच्या गुहेवर पडलं. तिने फासा टाकला. तो कपाला आपटला, गिरक्या घेत सासूबाईंपुढे जाऊन थांबला.

सासूबाईंनी चष्मा लावून स्वतःच वाचलं. "एकोणीस. बोल."

"ढाल फुटते." सुनेचा आवाज आधी चाचरला, मग त्याला धार चढली. "सोटा खांद्यावर बसतो. तुम्ही गुडघ्यावर येता. तो गुरगुरत पुन्हा हात उगारतो..." तिने दुसऱ्यांदा फासा टाकला. हेही दान लागलं. "आई, तुम्ही मेलात."

मग सासूबाई हसू लागल्या. खुर्ची करकरेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "मेले गं बाई, मेले! काय हाणलंस!" त्यांनी लाकडी योद्ध्याला टिचकी मारून आडवं केलं आणि कोरा कागद ओढून घेतला. "नवा योद्धा कसा करायचा ते सांग. पुढच्या रविवारी या मुडद्या राक्षसाला सोडत नाही मी."

"राग नाही ना आला, आई?"

"राग कसला? मोकळं वाटलं." सासूबाईंनी पेन्सिलीला टोक काढलं, मग टेबलावरून पुढे झुकून आवाज खाली आणला. "आणि आता तू एवढं मनापासून हाणलंसच आहेस, तर माझंही एक ऐकून घे. तू गाडी चालवतेस तेव्हा मी शेजारी डोळे मिटून बसते ना, ती डुलकी नसते गं."