ओन्नीची बंदूक

हरीण ओन्नीच्या अगदी समोरून गेलं आणि बंदूक वाजलीच नाही.

वेइको सीडरच्या दाट रानात, गुडघाभर चिखलात उभा होता. त्यानं श्वास रोखून वाट पाहिली. एक मिनिट गेलं. दोन गेली. मग पलीकडच्या टेकाडावर पांढरी शेपटी दोनदा उसळली आणि दिसेनाशी झाली. वेइकोनं हातातली काठी झाडावर इतक्या जोरात हाणली की तिचे दोन तुकडे झाले.

शिकारीच्या मोसमाचा आज शेवटचा दिवस होता. वेइको कामाला होता ती उत्तर मिशिगनमधली लोखंडाची खाण उन्हाळ्यात बंद पडली होती आणि वेइकोच्या घरी या हिवाळ्याला मांस नव्हतं. त्याची बायको सेल्मा रोज फ्रीजरचं झाकण उघडायची, आत बघायची आणि पुन्हा लावायची.

खाणीतल्या ड्रिलनं वेइकोचे हात कायमचे थरथरते केले होते. त्यामुळे बाप गेल्यापासून, म्हणजे तेरा वर्षं, दोघा भावांची वाटणी ठरलेली होती. थोरल्यानं पाणथळ रानातून जनावर पुढे हुसकत यायचं, धाकट्यानं रानाच्या तोंडाशी दबा धरून बसायचं. ओन्नीचा नेम वाईट नव्हता. शंभर पावलांवरचा डबा तो सहज उडवायचा. तरी तेरा वर्षांत त्यानं दोनच हरणं मारली होती, आणि दोन्ही वेळा वेइको तापानं फणफणून खोपटात पडलेला होता.

"मी नसलो की बरा हात चालतो तुझा," वेइको तेव्हा म्हणाला होता.

इतर माणसं असं जनावर हुसकताना ओरडतात. वेइको तोंड उघडत नसे. आवाज ऐकला की हरीण उलटं फिरतं, असं त्याचं म्हणणं होतं. तो मुकाट, हळूहळू, एकेक झुडूप हलवत यायचा. इतकं करून हरीण ओन्नीच्या पुढ्यात नेऊन सोडायचं आणि मग ही अशी शांतता.

चिखल तुडवत तो रस्त्यावर आला. त्याच्या जुन्या ट्रकपाशी वनखात्याची गाडी उभी होती. लॉरेटा बोनेटला टेकून उभी होती. गावातल्या एडा लाहतीची मुलगी, दोन वर्षांपूर्वी खात्यात लागलेली.

"केशरी जाकीट कुठंय तुमचं?" तिनं विचारलं.

"ट्रकमध्ये. आज मुद्दामच काढून ठेवलं. मैलभरावरून दिसतं ते हरणांना."

"कोणी सांगितलं? हरणाला तो केशरी रंग दिसतच नाही. त्याला ते वाळक्या गवतासारखं वाटतं. निळं मात्र लख्ख दिसतं." तिनं त्याच्या जीन्सकडे बोट दाखवलं. "हरणांपासून लपायचं असेल तर ही पँट बदला. जाकीट माणसांसाठी आहे. पुढे बंदूक घेऊन बसलेल्याला तुम्ही दिसावेत म्हणून. चला, घाला बघू."

वेइकोनं पुटपुटत जाकीट चढवलं. दंडाची पावती न फाडता ती निघून गेली.

ओन्नी झाडीच्या कडेला उभा राहून हे सगळं ऐकत होता. गाडीचा आवाज विरल्यावर तो पुढे आला. त्यानं बंदुकीतल्या गोळ्या काढून खिशात टाकल्या होत्या.

"किती पावलांवर होतं?" वेइकोनं विचारलं.

"वीस असतील."

"बंदूक अडकली?"

"नाही."

"डुलकी लागली होती?"

"नाही."

"मग काय बघत बसला होतास, त्याचे डोळे? हे बघ, माझे गुडघे गेलेत. तुझ्यासाठी मी या चिखलात मरतो, आणि तू लग्नाला आल्यासारखा बसून राहतोस. पुढच्या वर्षी मी खाणीतल्या मार्टिनला आणणार. तू घरी सेल्माजवळ बस आणि मोजे विण."

एरवी ओन्नी अशा वेळी बुटांकडे बघायचा. आज त्यानं मान वर ठेवली.

"लॉरेटा काय म्हणाली, ऐकलंस ना? वाळक्या गवतासारखं."

"हरणांना. त्याचं काय?"

"मलाही तसंच दिसतं."

वेइकोनं स्वतःच्या अंगावरच्या जाकिटाकडे पाहिलं. ढगाळ दुपारीही ते निखाऱ्यासारखं पेटलेलं होतं.

"लहानपणापासून," ओन्नी म्हणाला. "बाबांना ठाऊक होतं. कुणाला सांगू नकोस म्हणाले, नाहीतर तुला कुणी शिकारीला नेणार नाही."

"मग येतोस कशाला?"

"तू बोलावतोस म्हणून."

वेइकोनं जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"आज तू जाकीट काढून आत शिरलास," ओन्नी म्हणाला, "ते मला आत्ता, ती बोलली तेव्हा कळलं. दर वेळी झुडूप हलतं, पाठोपाठ काहीतरी तपकिरी पुढे सरकतं. मी बंदूक उचलतो, नेम धरतो आणि तुझ्या आवाजाची वाट बघतो. तेरा वर्षं झाली, वेइको. तू कधी आवाजच देत नाहीस."