गुरुवारचं पातेलं

“काकू, ही पिशवी ठेवून घ्या. मला चॅरिटी नकोय.”

नेत्राने तांदूळ, डाळ आणि दुधाने भरलेली पिशवी चर्चच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर परत ठेवली आणि खांद्यावर झोपलेल्या लेकीला, उर्वीला, सावरलं. तिच्या नवऱ्याची, प्रथमेशची, नोकरी जाऊन तीन महिने झाले होते. व्हिसामुळे तिला स्वतःला काम करता येत नव्हतं. घरात हल्ली काय शिजतं, हे वीणाकाकूंनी विचारलं नव्हतं. नेत्राचं उतरलेलं तोंड बघून कळत होतं.

“प्रथमेशला समजलं तर त्याला फार लागेल, काकू. सॉरी.”

वीणाकाकूंना खरं तर राग यायला हवा होता. वाटलं ते कौतुक.

“बरोबर आहे तुझं,” त्या म्हणाल्या. “नाइन्टीन एटीवनमध्ये आमच्या ह्यांचा प्लान्ट बंद पडला. अमेय पोटात होता. बांगड्या विकल्या, पण कुणापुढे हात पसरला नाही. उलट त्याच हिवाळ्यात मी इथे मदतीला यायला लागले!”

नेत्रा कसंनुसं हसली आणि पार्किंगकडे गेली. पिशवी तिथेच राहिली.

काकू पुन्हा कांद्यांकडे वळल्या. तो हिवाळा आठवला की त्यांना अजून ऊब वाटायची. अमेरिकेतल्या या एवढ्याशा गावातल्या प्रेस्बिटेरियन चर्चचं गुरुवारचं जेवण त्यांच्या सासऱ्यांपेक्षाही वयाने मोठं. पूर आला तेव्हा अर्धं गाव याच हॉलमध्ये झोपलं, गिरणी बंद पडली तेव्हा गिरणीवाले इथेच जेवले. तू कुठल्या देवाचा, हे कुणी कुणाला विचारलं नाही. आता रविवारी प्रार्थनेला मोजकी पांढरी डोकी जमायची. गुरुवारी मात्र पंगतीला जागा पुरत नसे. भक्तीपेक्षा भूक दांडगी!

एटीवनच्या थंडीत डॉरथीबाईंचा फोन आला होता. चर्चचं स्वयंपाकघर तेव्हा त्यांच्या ताब्यात असायचं. “आम्हाला मदतीला माणसं कमी पडतात, येशील का?” काकू लगेच गेल्या. परक्या देशात आपल्यावाचून कुणाचं तरी अडलंय, याचंच त्यांना केवढं अप्रूप! राबणाऱ्यांनीही घरच्यांसकट त्याच पंगतीत बसायचं, अशी इथली रीत. काकू बटाटे सोलायच्या, त्यांचे यजमान नरेंद्र खुर्च्या मांडायचे आणि मग दोघं ताठ मानेने जेवायला बसायचे.

त्या बायकांना अंदाज म्हणून कसला तो नव्हता. बिनमांसाच्या सूपचं एक मोठं पातेलं दर गुरुवारी उरायचं म्हणजे उरायचंच. “वाया जाईल गं,” म्हणत डॉरथीबाई ते काकूंच्या गळ्यात मारायच्या. काकू ते घरी न्यायच्या, चार दिवस पुरवून खायच्या आणि वर नरेंद्रांना ऐकवायच्या, “या देशात सगळं आहे, एक अंदाज तेवढा नाही.”

नरेंद्रांना जाऊन आता चार वर्षं झाली होती. ते कुणाच्या उपकाराखाली न राहता गेले, याचं काकूंना मोठं समाधान होतं. मुलांनाही त्या हेच सांगत आल्या होत्या.

“ती मुलगी का गेली?” कोपऱ्यातल्या खुर्चीवरून डॉरथीबाईंनी विचारलं. नव्वदी उलटली होती, तरी त्यांचा गुरुवार चुकत नसे. मराठी त्यांना कळत नव्हतं, पण ‘चॅरिटी’ कळलं होतं.

“मानी आहे,” काकू म्हणाल्या. “नाही घ्यायची ती.”

“मग जा, गाडी निघायच्या आत तिला गाठ. म्हणावं, आम्हाला मदतीला माणसं कमी पडतात.”

काकूंना हसू आलं. कांद्यांभोवती तिघी, शेगडीपाशी चौघं, सिंकशी दोघं एकमेकांना कोपरं मारत उभे होते.

“कमी कुठे पडतात, डॉरथी? इथे पाय ठेवायला जागा नाही!”

डॉरथीबाईंनी त्यांच्याकडे मायेने पाहिलं.

“एटीवनमध्येही नव्हती.”