भीमाचार्यांचा मंत्र

देवाप्पानं सात वर्षांच्या प्रेमाला परसातल्या नळापाशी बसवलं, तेव्हा तिच्या पोटरीवरची जखम तिखटानं माखलेली होती. कुत्रं सकाळीच चावलं होतं. मिरचीपूड शेजारणीनं भरली होती आणि मंत्रासाठी बाप तिला भीमाचार्यांकडे घेऊन आला होता. बंगळूरच्या बसवनगुडीत कुत्रं चावलं की लोक आधी आचार्यांचंच दार गाठत.

शुभदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्र्याण्णव साल होतं. पुण्याहून आचार्यांच्या घरात सून म्हणून येऊन तिला आठवडाच झाला होता, पण त्याआधी चार वर्षं तिनं सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी केली होती. घोटभर पाण्याला भिऊन तडफडत गेलेली माणसं तिनं पाहिली होती.

"अण्णा, मंत्रानं पोर हातची जाईल," ती सासऱ्यांना म्हणाली. नव्या सुनेनं असं बोलायचं नसतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"स्वल्प थांब," भीमाचार्य म्हणाले. ते पूजेच्या सोवळ्यात होते. तसेच खाली बसले, पोरीचा पाय मांडीवर घेतला आणि नळ पूर्ण सोडला.

पाणी दिवसाआड यायचं. तरी सासूबाई लगबगीनं आत जाऊन आल्या. त्यांनी साबणाची वडी पुढे केली. आचार्यांनी तिखट धुऊन काढलं, फेस केला, धुतला, पुन्हा केला. ओठ सारखे पुटपुटत होते. देवाप्पा हात जोडून उभा होता. वडी हातातून निसटली, ती उचलून द्यायला शुभदा वाकली आणि तिला शब्द ऐकू आले.

"तेरा सक अठ्ठ्याहत्तर, तेरा साती एक्क्याण्णव..."

हे तर मराठी पाढे होते. कानडी देवाप्पाला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. आचार्य तिसाच्या पाढ्यापर्यंत गेले. शुभदानं घड्याळ पाहिलं. सोळा मिनिटं. नर्सिंगच्या वर्गात पंधरा शिकवली होती, पण एवढा वेळ पाय पाण्याखाली धरणारा माणूस तिला आजवर भेटला नव्हता.

आचार्यांनी जखम उघडीच ठेवली. देवाप्पाच्या हाती काळा दोरा देऊन कानडीत काहीतरी बजावलं. सासूबाईंनी शुभदाला अर्थ सांगितला. आत्ता थेट दवाखान्यात जायचं. पोटात चौदा इंजेक्शनं, रोज एक. दवाखान्याचा कागद इथे दाखवला की दोऱ्याला एक गाठ. चौदावी गाठ पडेपर्यंत मंत्र लागू होत नाही. देवाप्पा पोरीला उचलून रिक्षाकडे धावत सुटला.

शुभदा ओशाळली. एवढं मोठं माणूस आपल्याच घरात आहे आणि आपण त्याला शहाणपण शिकवत होतो. तिनं वाकून नमस्कार केला.

"मला वाटलं होतं, तुम्हाला खरंच मंत्र येतो."

"खरा मंत्र वडिलांना येत होता," भीमाचार्य सोवळ्याचा ओला काठ पिळत म्हणाले. "माझ्या धाकट्या भावाला, नंदूला, कुत्रं चावलं तेव्हा त्यांनी तोच घातला. नंदू उठला नाही. त्याचे बारापर्यंतच पाढे झाले होते, म्हणून मी तेरापासून म्हणतो."